पाणी ओसरते, गाळ राहतो

"साहेब, त्या म्हातारीला तीन दिसांत घरी सोडलं. मग आमच्या भावाच्या छातीतलं पाणी तेवढं का काढंना तुम्ही?"

आषाढातली गोष्ट. घोडबंदर रोडवरच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर, ओली छत्री हातात धरून उभ्या असलेल्या एका तरुणाने मला हा प्रश्न विचारला. त्याचा भाऊ इथल्याच एका नव्या इमारतीवर प्लास्टरचे काम करीत असे. वय जेमतेम तीस. तापाकडे पाच दिवस दुर्लक्ष झाले, तपासणीत फाल्सिपेरम जातीचा मलेरिया निघाला आणि दुसऱ्याच दिवशी दम लागून त्याला कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. शेजारच्या खाटेवर बहात्तर वर्षांच्या एक आजी होत्या. दोघांनाही आम्ही नातेवाइकांना एकच वाक्य सांगितले होते: "फुप्फुसात पाणी झाले आहे." दोघांच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसे सारखीच पांढरी दिसत होती. आजी तिसऱ्या दिवशी चहा पिऊन घरी गेल्या. हा तरुण मात्र दहाव्या दिवशीही यंत्रावरच होता. खर्च वाढत चालला होता आणि भावाच्या मनात त्याला सरळ गावी घेऊन जाण्याचा विचार येऊ लागला होता.

त्या दिवशी त्याला जिन्यात बसून जे समजावून सांगितले, तेच आज वाचकांना सांगतो. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

दोन वेगळी पाणी

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे 'छातीत पाणी झाले' असे म्हटले की पुष्कळांना क्षयरोगातले पाणी आठवते. ते पाणी फुप्फुसाच्या बाहेर, त्याच्या दुपदरी आवरणात साठते. मडक्याभोवती पाणी साचावे तसे. तिथे सुई घालून ते काढता येते. आजचा विषय मात्र फुप्फुसाच्या आत, त्याच्या अंगात मुरलेल्या पाण्याचा आहे. ओल्या स्पंजमध्ये सुई खुपसली तर पाणी निघेल काय? तसेच हे. या अवस्थेला 'पल्मनरी इडिमा' म्हणजे फुप्फुसशोथ म्हणतात. इथले पाणी सुईने निघत नाही. ते ज्या वाटेने आले, त्या वाटांचा विचार करूनच घालवावे लागते.

आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. म्हणजे हवेचे अगदी बारीक फुगे. ते सारे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. घोडबंदर रोडवरच्या जाहिरातींतला दोन बेडरूमचा फ्लॅट डोळ्यांसमोर आणा, एवढी ती जागा. या फुग्यांभोवती केसांहूनही बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त त्यातून फिरवते. रक्त आणि हवा यांच्यामधला पडदा बहुतेक ठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, पातळ असतो.

एवढ्या पातळ पडद्यापलीकडे रक्त वाहत असताना आपली फुप्फुसे कोरडी कशी राहतात, हेच खरे तर आश्चर्य.

दाब आणि ओढ

याचे उत्तर १८९६ साली अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने दिले. रक्तवाहिनीतल्या पाण्यावर दोन बळे काम करतात. एक म्हणजे रक्ताचा दाब. तो पाण्याला बाहेर ढकलतो. दुसरी म्हणजे रक्तातल्या प्रथिनांची ओढ. ती पाण्याला आत धरून ठेवते. आपल्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण ७ ग्रॅम प्रथिने असतात. त्यांतला निम्म्याहून अधिक वाटा अल्ब्युमिनचा. प्रथिनांचे रेणू मोठे असल्याने ते वाहिनीच्या भिंतीतून सहजी बाहेर पडत नाहीत. आत राहून ते पाण्याला आपल्याकडे ओढत राहतात.

दंडावर मोजलेला आपला रक्तदाब १२० वर ८० असतो, हे वाचकांना ठाऊक आहेच. फुप्फुसातल्या बारीक वाहिन्यांत मात्र तो फक्त ८ ते १० मिलिमीटर असतो. प्रथिनांची ओढ असते सुमारे २५ मिलिमीटरची. म्हणजे ढकलणाऱ्यापेक्षा धरून ठेवणारा बलवान. बाहेरच्या जागेतही थोडी प्रथिने असतातच, त्यामुळे हिशेब अगदी चोख जुळत नाही आणि थोडे पाणी सतत झिरपत राहते. ते वाहून नेण्यासाठी लसिकावाहिन्या असतात. गच्चीवरचे पाणी खाली नेणारे नळच म्हणा ना. गरज पडली तर त्या आपले काम कित्येक पटींनी वाढवतात.

आणखीही एक बंदोबस्त आहे. रक्तवाहिनी आणि वायुकोश यांच्या भिंती वेगवेगळ्या असून वायुकोशाची भिंत अधिक घट्ट असते. म्हणून पाणी आधी या दोन भिंतींच्या मधल्या जागेत आणि श्वासनलिकांभोवती साठते. तेव्हा रुग्णाला चालताना दम लागतो, आडवे झाले की खोकला येतो. ती जागा भरली की मगच पाणी वायुकोशात शिरते. मग मात्र घटका मोजण्याची वेळ येते. श्वासाबरोबर हवा, पाणी आणि प्रथिने घुसळली जाऊन फेस होतो. थोडे रक्त मिसळले की तो गुलाबी दिसतो.

आजींचे पाणी

आजींना जुना हृदयविकार. पंढरपूरला बसने जायचे, वाटेत सोय नसते, म्हणून त्यांनी लघवीची गोळी चार दिवस बंद ठेवली. बरोबर दशम्या, लोणचे, चिवडा. मिठाने अंगात पाणी धरले आणि अशक्त हृदयाला ते पुढे ढकलता येईना. धरणाचे दरवाजे अडले की मागे पाणी तुंबते. त्याप्रमाणे फुप्फुसातल्या वाहिन्यांत दाब वाढत गेला. तो १८-२०च्या पुढे गेला की पाणी मधल्या जागेत साठू लागते. २५च्या वर गेला की वायुकोशात शिरू लागते.

परत आल्यावर दुसऱ्या रात्री त्या अडीच वाजता घाबऱ्याघुबऱ्या होऊन उठल्या. मुलाने प्रेमापोटी त्यांना गाडीच्या मागच्या सीटवर आडवे केले आणि त्यांचा जीव अधिकच कासावीस झाला. त्या स्वतःच "मला बसू दे रे" म्हणाल्या, म्हणून निभावले. रात्री घोडबंदर रोडवर ट्रकची रांग असते. त्या रांगेतून वाट काढीत मुलाने आईला आणले. ऑक्सिजन, मास्कने दाबाची हवा, वाहिन्या सैल करणारे आणि लघवी वाढवणारे इंजेक्शन दिल्यावर पहाटेपर्यंत त्या बोलू लागल्या.

आजींच्या बाबतीत भिंत शाबूत होती. वाढला होता तो फक्त दाब. म्हणून जे पाणी बाहेर आले त्यात प्रथिने तुलनेने कमी होती. दाब उतरवताच पाणी आपल्या वाटेने परत गेले.

प्लास्टरवाल्याचे पाणी

तरुणाच्या बाबतीत हृदय ठणठणीत होते, इको तपासणीत तसे दिसलेही. बिघडली होती ती भिंत. तीव्र मलेरिया, न्यूमोनिया, रक्तातला जंतुसंसर्ग अशा आजारांत वाहिन्यांच्या भिंतीला दाह होऊन फटी पडतात. आता मोठे प्रथिनरेणूही पाण्याबरोबर बाहेर येतात. जे पाण्याला आत ओढून धरायचे, तेच बाहेर जाऊन बसले. रखवालदारच चोरांत सामील झाला म्हणायचे! मग दाब नेहमीचा असूनही पाणी झिरपतच राहते.

या दोन पाण्यांतला फरक मोजताही येतो. फुप्फुसातून ओढून घेतलेल्या द्रवातले प्रथिन आणि रक्तातले प्रथिन यांची तुलना केली तर पहिल्या प्रकारात ते रक्ताच्या दोन-तृतीयांशाहून साधारण कमी भरते, दुसऱ्या प्रकारात तीन-चतुर्थांशाहून अधिक. रोजच्या कामात आम्ही इको आणि इतर तपासण्यांवरून निदान करतो. पण तत्त्व हेच. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडच्या रुग्णांना कित्येक आठवडे ऑक्सिजन लागत होता, तो याच दुसऱ्या प्रकारामुळे.

महाडचा धडा

निदानात हा फरक कळला नाही तर काय होते, हे मी फार लवकर पाहिले. १९८४ साली मी शिकाऊ डॉक्टर म्हणून कोकणातल्या एका ग्रामीण केंद्रावर होतो. संध्याकाळी एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आणले. भाताच्या पेंढ्यात लाल विंचू चावला होता. उलट्या, अंगावर घामाच्या धारा, हातपाय बर्फासारखे गार. घाम फार गेला म्हणून आम्ही सलाइन लावले, ॲलर्जीची इंजेक्शने दिली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे सारे केले. मध्यरात्री मुलाच्या तोंडाला गुलाबी फेस आला. उजाडण्यापूर्वी तो गेला. त्याच्या आईने मला काही विचारले नाही, हेच मला आजवर डाचते.

त्याच काळात महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर अशाच रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून नोंदी करीत होते. त्यांच्या लक्षात आले की विंचवाच्या विषामुळे शरीरातल्या उत्तेजक रसायनांचा लोंढा सुटतो. हातापायांच्या वाहिन्या आवळल्या जातात, म्हणून ते गार पडतात. रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसात दाब तुंबतो. म्हणजे हे पाणी मुख्यतः दाबाचे होते! मग उपाय काय? आवळलेल्या वाहिन्या सैल करा. त्यासाठी त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी वापरली. हे काम १९८६ साली 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पूर्वी गंभीर विंचूदंशाचे शंभरातले तीसेक रुग्ण दगावत, ते प्रमाण या उपचाराने एक-दोनावर आले. पुढे २०११ साली बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवरचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडला. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविषलस दिली तर रुग्ण अधिक लवकर बरे होतात, असे त्यात दिसले. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

१९८६चा तो छोटासा लेख वाचला तेव्हा मला त्या मुलाची आठवण झाली. तुंबलेल्या दाबात आम्ही सलाइनची भर घातली होती.

पाणी परत कसे जाते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दाबाचे पाणी लवकर आटते आणि फटीचे पाणी रेंगाळते, ते का?

पूर्वी असे मानत की दाब उतरला की प्रथिनांच्या ओढीने पाणी आपोआप रक्तात परत जाते. १९८२ साली अमेरिकेत मायकेल मॅथे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर एक प्रयोग केला. त्यांनी मेंढीच्या फुप्फुसात रक्तद्रवच सोडला, म्हणजे प्रथिनांनी भरलेले पाणी. काही तासांनी पाहिले तर पाणी बरेच कमी झाले होते आणि प्रथिने मात्र बहुतेक तिथेच होती. त्यामुळे उरलेला द्रव अधिकाधिक दाट होत गेला. आता वायुकोशातली ओढ रक्तापेक्षा जास्त. स्टार्लिंगच्या हिशेबाने पाणी उलट आत यायला हवे होते. तरीही ते बाहेरच जात राहिले. याचा अर्थ, कोणीतरी ते उपसत होते.

हा उपसा वायुकोशाच्या भिंतीतल्या पेशीच करतात. त्या एका बाजूने सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, आत घेतात आणि दुसऱ्या बाजूने पंपासारखा बाहेर टाकतात. मिठामागे पाणी जाते. हा पंप अहोरात्र चालू असतो. आजींच्या पेशी धडधाकट होत्या. दाब उतरल्याबरोबर पंपांनी काम उरकले.

तरुणाच्या फुप्फुसात मात्र ज्या पेशींनी उपसा करायचा त्याच जखमी होत्या. २००१ साली मॅथे यांच्याच गटाने अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेकांमध्ये हा उपसा मंदावलेला होता आणि ज्यांचा तो चांगला चालू होता, ते अधिक प्रमाणात वाचले. दम्यासाठीच्या सालब्युटामॉल औषधाने पंपांचा वेग वाढवावा, असा विचार पुढे आला. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत हे औषध शिरेतून दिले, तर मृत्यू वाढलेले दिसले. ती चाचणी मध्येच थांबवावी लागली आणि निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. जखमी बैलाला चाबूक मारून नांगर ओढला जात नाही.

आणि प्रथिनांचे काय? त्यांच्यासाठी पंप नाही. जी पाण्यात विरघळलेली असतात ती पेशींच्या मधल्या सांध्यांतून हळूहळू सरकत बाहेर पडतात. याला दिवस लागतात. जी गोठून साय धरल्यासारखी वायुकोशाला आतून चिकटतात, ती सांध्यांतून जाऊ शकत नाहीत. शरीरातल्या भक्षक पेशी येऊन ती कण कण करून खातात, तेव्हाच जागा मोकळी होते. दरम्यान हीच प्रथिने वायुकोश उघडे ठेवणाऱ्या नैसर्गिक साबणाचे काम बिघडवतात. त्यामुळे फुगे मिटतात, फुप्फुस ताठर होते. साफसफाई फार लांबली तर तिथे व्रण धरतो.

२६ जुलै २००५चा पूर कल्याण-ठाण्याच्या लोकांच्या अजून स्मरणात असेल. घरात शिरलेले पाणी ओसरले, पण गाळ? कपाटाखालचा, गाद्यांतला, विजेच्या बटणांतला गाळ काढायला आठवडे गेले. मी त्या भावाला हेच सांगितले. "आजींच्या घरात नळाचं पाणी सांडलं होतं. तुझ्या भावाच्या घरात पूर आलाय. पाणी पंपाने निघेल, गाळ हातानेच काढावा लागतो. आणि तो काढणारे हात त्याच्याच शरीराचे आहेत. यंत्र फक्त तोवर त्याला जगवतंय."

त्याने बराच वेळ छत्रीकडे पाहिले. मग विचारले, "म्हंजी औषध न्हाई?" आहे, मी म्हणालो. मलेरियाचे औषध चालू आहे. यंत्राचा श्वास मुद्दाम लहान ठेवला आहे, म्हणजे जखमी फुग्यांवर ताण येत नाही. रोज काही तास त्याला पालथे झोपवतो. सलाइन मोजून देतो. बाकीचे काम वेळेचे. भाऊ त्याला गावी घेऊन गेला नाही. सोळाव्या दिवशी यंत्र निघाले. सव्वीसाव्या दिवशी तो तरुण भावाच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरला. सगळेच असे उतरत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

वाचकांनी काय करावे?

हृदयविकार, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी समजावे आणि डॉक्टरांना कळवावे. एका उशीऐवजी दोन उश्या लागू लागल्या, रात्री दम लागून जाग येऊ लागली, आडवे झाले की खोकला येऊ लागला, पाय सुजले, तर थांबू नये. लघवीची गोळी प्रवासासाठी, लग्नासाठी आपल्या मनाने बंद करू नये. तिची वेळ बदलता येते काय, ते विचारावे. लोणचे, पापड, चिवडा आणि आपल्या भागातली सुकट-बोंबील यांत मीठ किती असते, याचा विचार करावा.

दम लागलेल्या माणसाला कधीही आडवे करू नये. पाय खाली सोडून बसवावे. पाणी, सोडा, काढा पाजू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ओळखीच्या पण दूरच्या रुग्णालयासाठी कोंडीत अडकण्यापेक्षा ऑक्सिजनची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठावे. पावसाळ्यात ताप आल्यास रक्ताची तपासणी पहिल्या-दुसऱ्या दिवशीच करावी. आपल्या इमारतीच्या कामावर कोणी तापाने पडले असेल तर त्यालाही पाठवावे.

येऊरच्या पायथ्याशी किंवा विटा-रेतीच्या ढिगाजवळ राहणाऱ्यांनी चपला-बूट झटकून घालावेत. विंचू चावल्यावर मुलाला घाम, उलट्या, हातपाय गार अशी लक्षणे दिसली तर जखम कापणे, मंत्र, उतारा यांत एक मिनिटही घालवू नये. रुग्णालयात पोहोचल्यावर "विंचू चावला आहे" हे पहिले वाक्य असावे.

आजींना मी घरी सोडताना एक वही घ्यायला सांगितले होते. परवा त्या तपासणीला आल्या तेव्हा वही बरोबर होती. रोजचे वजन, रोजची गोळी, सुनेच्या सुबक अक्षरात. कार्तिकीला पुन्हा पंढरपूरला जाऊ का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "जरूर जा. गोळी सकाळी बसमध्ये चढण्याआधी घेऊ नका, मुक्कामाला पोहोचल्यावर घ्या. पण घ्या."

त्यांनी तेही वहीत लिहून घ्यायला लावले.